हात धुतले का?

आमचे सर फोन उचलला की ‘हॅलो’ म्हणत नसत, ‘हात धुतले का?’ म्हणत. पलीकडे कोण आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. एखादी पोरगी क्रेडिट कार्ड खपवायला फोन करायची, तिलाही तोच प्रश्न. ती बिचारी गांगरून ‘जी सर’ म्हणायची, आणि मग सर तिला बोटांच्या बेचक्यात साबण कसा फिरवायचा ते समजावून सांगायचे. कार्ड राहायचं बाजूला. आमच्या वर्गातल्या एकीच्या लग्नात त्यांनी स्टेजवर चढून नवरदेवाचा हात हातात घेतला आणि हळूच हेच विचारलं. नवरदेवानं हात सोडवून शेरवानीला पुसला. ते फोटोत आलं आहे, आणि ती मैत्रीण अजून तो फोटो दाखवून नवऱ्याला छळते.

वर्ध्याहून सावंगीकडे जाताना एक मंगल कार्यालय लागायचं. त्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ‘कलिनरी कॉलेज’. कॉलेज कसलं बाप्पा, एक लांबलचक हॉल, भिंतीला लागून शेगड्या, मधात स्टीलची टेबलं आणि कोपऱ्यात एक ओव्हन, जो मनात येईल तेव्हा तापायचा. खाली लग्नं, वर आम्ही. लग्नसराईत खालून बँड वाजायचा आणि वर आम्ही फ्रेंच नावांचे सॉस ढवळत उभे. संस्थेच्या अध्यक्षांनी गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक छापलं होतं. त्यावर एक पांढरं जहाज, उंच टोपीवाला एक गोरा माणूस आणि खाली ‘जगभर नोकरीची संधी’. मी त्या जहाजाला भुलले. देवळीच्या पोरीनं समुद्र कुठे पाहिला होता?

प्रवेशाच्या दिवशी बाबा माझ्यासोबत आले. बाबा एसटीत कंडक्टर. सरांच्या खोलीत गेलो तर सर उभे, आणि खोलीत एकही खुर्ची नाही. नंतर कळलं की प्रवेशाच्या दिवसांत ते सगळ्या खुर्च्या मुद्दाम खाली मंगल कार्यालयात नेऊन ठेवायचे. आईबाप उभे, पोरं उभी, सरही उभे. मग शांतपणे घाबरवायचं.

“जहाज पाहून आले न?” सर सगळ्यांना म्हणाले. “जहाज आहे, नाई कोन म्हंते. पन किचन असते जहाजाच्या पोटात. तिथून समुद्र दिसत नाई. पह्यलं साल कांदा सोलनं, आलू सोलनं, भांडे. दिवाळीले लोकं घरी, तुमचं पोट्टं कामावर. लग्न लोकाचं, अन् हे तिथं भात उपसून राह्यलं. पगार सुरुवातीले असा, का सोयऱ्याधायऱ्यात सांगाची लाज वाटन. पुढं वाढते, चांगला वाढते, पन पुढं जाईस्तोवर टिकाव लागते. जमत अशीन त शिका.”

दाराआड अध्यक्ष कपाळाला हात लावून उभे होते. आमच्या डोळ्यांदेखत दोघातिघांचे बाप पोरांना घेऊन जिना उतरले. मग सर बाबांकडे वळले.

“भाऊ, पोरगी दिवसभर उभी राहीन काय?”

“सर, मी कंडक्टर आहो,” बाबा म्हणाले. “हालत्या गाडीत, भरल्या गर्दीत उभ्यानं तिकीट देतो. आमच्या घरात उभं राह्याचं कोनाले शिकवा लागत नाई.”

सर इतके खूश झाले की त्यांनी बाबांसाठी खालून खुर्ची मागवली. बाबा काही बसले नाहीत. तिथून दोघांचं जे जमलं ते आजवर जमलेलं आहे.

घरी परतताना मात्र बाबांनी मला सरळ सांगितलं, आणि त्यात गंमत नव्हती. “एक साल देतो तुले. आखरीले हॉटेलवाले घ्याले येते म्हंते, त्यात लागली त लागली. नाई लागली त मामाच्या झेरॉक्सवर बसाचं. मंग कुरकुर नाई पाह्यजे.” मामाचं देवळीला तहसीलजवळ झेरॉक्सचं दुकान होतं आणि त्याला भरवशाचं माणूस हवं होतं. मामा चांगला, दुकान चांगलं, पण त्या यंत्राच्या झाकणाखालून तो हिरवा उजेड इकडून तिकडे सरकला की माझा जीव जायचा. आयुष्यभर आपल्यासमोर हा उजेड सरकत राहणार, असं वाटायचं. वर्षभर मी जे कांदे चिरले ते त्या उजेडाच्या धाकानं.

सर अंगानं बुटके, पण कोट असा कडक की त्यांच्या आधी कोट खोलीत यायचा. कोटाला ते घरी भाताच्या पेजेची खळ करत. बसलं तर कोट मोडतो म्हणून बसत नसत. तरुणपणी ते मुंबईला, मग दुबईला, मग खरोखर जहाजावर होते, पण तिथलं काही विचारलं तर भलतंच सांगायचे. दुबई कशी होती? “तिथं एक मोठे शेठ होते, त्यांले कारले लय आवडे.” जहाज कसं होतं? “कप्तानाले दही चालत नसे.” एवढं जग फिरलेला माणूस, पण त्यांच्या डोक्यातल्या नकाशावर कोण काय खातो आणि कोण काय खात नाही एवढंच लिहिलेलं होतं. बोलायचे मात्र अखंड. भाजी निवडताना बोलत, डाळ शिजताना बोलत, एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला त्याच्या डब्याबद्दल बोलत. त्यांना गप्प झालेलं आम्ही कधी पाहिलं नाही.

आणि त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे, ते आमच्या हातचं काही चाखत नसत. एक घास नाही. आम्ही मोठ्या उमेदीनं वाटी पुढे करायचो, सर हात मागे बांधून उभे.

“माह्या जिभेचं काय करता? मी तुमाले पगार देनार आहो काय? जो खानार आहे त्याले द्या. अन् त्याचं तोंड पाहा.”

मग आमचा मोर्चा निघायचा. पांढरे कोट, पांढऱ्या टोप्या, हातात डबे. कधी सावंगीच्या दवाखान्याबाहेर झाडाखाली बसलेल्या पेशंटच्या नातेवाइकांकडे, कधी बसस्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टरांकडे. त्यांना गरम जेवण मिळायचं, आम्हाला तोंडं मिळायची. नियम एकच होता. समोर उभं राहायचं, पाहायचं, पण ‘कसं झालं?’ असं विचारायचं नाही. कोणी विचारलंच तर सर तिथेच झापायचे.

“इचारलं का मानूस खोटं बोलते. फुकटचं खाऊन राह्यला तो, वाईट कसा म्हनन? जिभीले खोटं बोलता येते, तोंडाले येत नाई.”

हळूहळू दिसायला लागलं. अळणी असलं की माणूस लोणचं आहे का म्हणून इकडेतिकडे पाहतो. खारट असलं की घास गिळायच्या आधी हात पाण्याकडे जातो. तेल जास्त झालं की बोटं पुसत बसतो. कोरडं झालं की जबडा हलतो आणि मधातच थांबतो. आणि चांगलं झालं तर? हे विचारलं तेव्हा सरांनी आम्हाला झाडाखालच्या एका म्हाताऱ्याकडे बोटानं दाखवलं. आमच्यातल्या एकानं केलेली वांग्याची भाजी तो खात होता. त्याची सून त्याच्याशी काहीतरी बोलत होती, शेजारून एक कुत्रं जवळ येऊन बसलं होतं, आणि म्हाताऱ्याची मान काही वर होत नव्हती.

“पाह्यलं? जेवन जमलं का मानूस वर पाह्यत नाई.”

ज्यानं ती भाजी केली होती तो पोरगा त्या दिवशी रात्रीपर्यंत हवेत होता. त्याचं नाव घेत नाही, त्याचा आज कारंजा घाडग्याच्या हायवेवर ढाबा आहे आणि माझ्याशी बोलताना अजून तो त्या म्हाताऱ्याचा विषय काढतो.

जे जळायचं ते टाकायचं नाही, ज्यानं जाळलं त्यानं घरी न्यायचं, हा दुसरा कायदा. माझं बरंच जळायचं. बाबा ड्युटीवरून यायचे आणि काळा केक, करपलेला पुलाव, वातड झालेला ब्रेड सगळं संपवायचे. वर ‘चांगलं आहे’ म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सर विचारत, “काय म्हंते कंडक्टर?” मी सांगायची, चांगलं आहे म्हणाले. “अन् तोंड?” तोंड भिंतीकडे होतं, सर. “खोटं बोलून राह्यला कंडक्टर,” सर म्हणायचे आणि पोट धरून हसायचे.

ही पाहायची विद्या त्यांना कुठे मिळाली, ते एकदाच कळलं. खाली लग्न होतं, वाढप्यांपैकी अर्धे आलेच नाहीत आणि मुलीचे काका घामाघूम होऊन वर आले. सर आम्हाला सगळ्यांना घेऊन खाली उतरले. स्वतः वरणाची बादली उचलली. तो कडक कोट घातलेला माणूस पंगतीतून जो काही सरसर वाकत निघाला, की आम्ही पाहतच राहिलो. कोणाला ‘पाहिजे का’ म्हणून विचारणं नाही. एकाच्या पानासमोर थांबत, दुसऱ्याला ओलांडून जात, तिसऱ्याकडे दोन पावलं मागे येत. आणि ज्याच्या पानात वाढलं त्याला ते हवंच असायचं. लहानपणी गावातल्या प्रत्येक लग्नात ते बादली घेऊन फिरले होते. पंगत उठल्यावर कोटावर वरणाचे शिंतोडे घेऊन ते भिंतीला टेकले आणि म्हणाले, “दुबईले यापेक्षा जादा काही शिकलो नाई.” अध्यक्षांनी मात्र त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की पाहुण्यांसमोर कॉलेजची इज्जत गेली. सर त्यांना म्हणाले, “तुमी जेवले काय? तोंडावरून त नाई वाटत.” अध्यक्ष जेवायला बसले.

वर्ष सरलं. नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलनं आम्हाला परीक्षेला बोलावलं. ज्यांची वर्णी लागेल त्यांना नोकरी. बाबांनी सांगितलेली ‘आखरी’ ती हीच. सकाळच्या एसटीनं निघालो, सर पुढच्या सीटजवळ उभे, कोट मोडू नये म्हणून. बाबांनी निघताना एवढंच म्हटलं, “मामाले अजून काही सांगतलं नाई मी.”

हॉटेलच्या किचनमध्ये प्रत्येकाला एकेक ओटा दिला. आपल्या मनानं एक पदार्थ बनवायचा, प्लेट सजवून खिडकीत ठेवायची, आणि काही झालं तरी आपली जागा सोडायची नाही. खिडकीपलीकडे टेबलाशी हॉटेलचे मोठे शेफ बसून चाखणार. ते डेहराडूनकडचे, हिंदी बोलणारे, करड्या चेहऱ्याचे. सरांना दारापर्यंतच येऊ दिलं.

बाकीची पोरं पास्ता काय, सूप काय, धडाधड कामाला लागली. माझ्या डोक्यातून फ्रेंच नावं सगळी उडून गेली. राहिला फक्त गोळा भात. आमच्याकडच्या कोणाला सांगायला नको, पण ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्यात तिखट-मीठ-मोहन घालून गोळे वळायचे आणि शिजत आलेल्या भातात वाफवायचे. ताटात भात, त्यावर गोळा, तो हातानं भातात कुस्करायचा आणि वरून लसूण-मिरचीची गरम फोडणी ओतायची. घरी आमचे सगळ्यांचे गोळे आईच कुस्करून द्यायची. बाबांचासुद्धा. दिवसभर नोटा-चिल्लर हाताळलेला त्यांचा हात ती ताटाला लागू द्यायची नाही.

मी भात वाटीनं पाडला, वर गोळा ठेवला, बाजूला छोट्या वाटीत फोडणी, वरून सांबाराची दोन पानं. म्हणजे तुमची कोथिंबीर. दिसायला इतकं देखणं झालं की मीच खूश. खिडकीत ठेवलं आणि नियमाप्रमाणे जागेवर येऊन काचेतून पाहत उभी राहिले.

शेफनी काटा उचलला. गोळा टोचला आणि आख्खा उचलून चावला.

अरे देवा. त्यांचा जबडा हलला आणि मधातच थांबला. हात पाण्याकडे गेला. मग त्यांनी नुसता पांढरा भात खाल्ला आणि लोणचं असावं तसं इकडेतिकडे पाहिलं. फोडणीची वाटी तशीच, तिला त्यांनी सजावट समजलं असणार. वर्षभर झाडाखाली पाहिलेली सगळी वाईट तोंडं मला एका तोंडावर दिसली. काटा खाली ठेवायला निघाला होता.

त्यानंतर मी काय केलं ते मला करताना कळलं नाही. ओट्याला वळसा घातला, दारातून बाहेर गेले, शेफच्या टेबलाशी उभी राहिले आणि त्यांच्या ताटात हात घातला. हात धुतलेले होते, तेवढं देवाशपथ सांगते. गोळा कुस्करला, फोडणी ओतली, सगळं कालवलं आणि कडेला एक घास गोळा करून ठेवला. भरवला नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती.

किचनमधले सगळे जिथल्या तिथे थांबले होते.

“ये क्या है?” शेफ म्हणाले.

“सर, ये ऐसे खाते हैं.”

“आपने जगह क्यों छोड़ी?”

“आपका चेहरा देखा, सर.”

त्यांनी काटा बाजूला सारला. मग चमच्यानं एक घास खाल्ला. मग आणखी एक. चेहरा करडाच. मी मान वळवून दाराकडे पाहिलं, तर आमच्या सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

निकाल वाचला तेव्हा त्यात माझं नाव नव्हतं. शेफनी कारणही सर्वांसमोर सांगितलं. पाहुण्याच्या ताटात हात घालणाऱ्याला कुठल्याच हॉटेलात जागा नाही.

परतीच्या एसटीत सर माझ्या शेजारी चक्क बसले, कोट मोडून. म्हणाले, “बरोबर केलं त्यांनी. मीबी नापासच केलं असतं. ताट गिऱ्हाइकाचं असते, त्यात आपला हात जात नाई.” मी रडायला लागले. त्यांनी मला सेलू येईपर्यंत रडू दिलं, आणि त्या वेळात पुढच्या सीटवरच्या बाईला तिच्या डब्यातलं भरीत कशानं पांचट झालं ते समजावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पाह्यलं मातर बरोबर. असं पाहनं कोनाले शिकवून येत नाई.”

“वर्षभर शिकवूनच राह्यलते न तुम्ही,” मी नाक पुसत म्हटलं.

“शिकवून राह्यलतो. पन आलं कोनाले?”

वर्ध्याच्या स्टँडवर बाबा उभे होते. सरांनी उतरल्या उतरल्या सांगून टाकलं, नापास झाली म्हणून. बाबांनी माझी बॅग घेतली. रात्री मामाला फोन लावला, आणि सोमवारी मी मामाच्या दुकानात हिरव्या उजेडासमोर जाऊन बसले.

आधार कार्ड, सातबारा, रेशन कार्ड, पुन्हा आधार कार्ड. मामा माझ्यावर खूश होता, कारण मी कागद सरळ ठेवायची. आठवडा झाला नाही तर सर दुकानात हजर. वर्ध्याहून देवळीला आले होते, हातात घरचं लाइटचं बिल. “याची एक कॉपी दे,” म्हणाले. माझी बोटं शाईनं काळी झालेली पाहून त्यांना कसंतरीच झालं असावं, कारण ‘हात धुतले का’ हे त्यांनी विचारलंच नाही. त्यानंतर ते पुन्हा आले, तेच बिल घेऊन. पुन्हा आले. वर्ध्यात झेरॉक्स बंद पडल्या काय, असं मामानं मला विचारलं. कॉपी निघेपर्यंत सर काउंटरला टेकून उभे राहायचे आणि रांगेतल्या माणसांकडे पाहत माझ्या कानाशी बोलायचे. “याचं तोंड पाह्य. सकाळपासून उपाशी आहे. याले आंबट खाव वाटून राह्यलं. त्या बाईनं घाईत नाष्टा केला, अन् तो तिले पचला नाई.” मी झेरॉक्स काढत काढत तोंडं वाचायची. एकदा एका उपाशी तलाठ्याला मी माझ्या डब्यातली पोळीभाजी दिली, तर मामानं हात जोडले.

मग एक दिवस सर आले ते बिलाशिवाय आले. आत न येता पायरीवरूनच म्हणाले, “हातमोजे घालून येजो म्हंते.”

“कोण?”

“तो डेहराडूनवाला.”

झालं होतं असं. ही गोष्ट पुढे शेफनी स्वतः मला सांगितली. त्या दिवशी माझ्या पातेल्यात उरलेला गोळा भात स्टाफच्या जेवणात गेला. शेफ तिकडून जात होते, तर त्यांचे इकडचे आचारी, भांडी घासणारे, वॉचमन, सगळे ताटात हात घालून गोळे कुस्करत बसलेले. साहेब आले तरी एकानंही मान वर केली नाही. शेफ तिथे उभे राहून पाहत राहिले. मग त्यांनी मेन्यूत गोळा भात घ्यायचा ठरवलं, दोनदा स्वतः करून पाहिला, गोळे फुटून भाताची खिचडी झाली, आणि शेवटी आमच्या सरांना फोन लावला. सरांनी फोन उचलून त्यांनाही पहिल्यांदा हात धुतले का तेच विचारलं. शेफ म्हणाले, आपकी वो हाथवाली लड़की भेज दीजिए, लेकिन ग्लव्ज़ पहनकर.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते बूट काढत होते. म्हणाले, “उभं राह्याचंच काम आहे न?” हो म्हटलं. “मंग चप्पल चांगली घे,” म्हणाले आणि तोंड भिंतीकडे वळवलं, पण या वेळी मला त्यांचे कान दिसत होते आणि कानसुद्धा हसत होते.

सर प्रवेशाच्या दिवशी जे जे बोलले ते सगळं खरं निघालं. पहिलं साल कांदे. दिवाळी किचनमध्ये. पगार सांगताना मावशीपुढे विषय बदलायचा. पाय सुजायचे, एकदा वाफेनं हात भाजला, कितीदा वाटलं की मामाचं दुकान काय वाईट होतं. पण टिकले. आता आमच्या हॉटेलात वऱ्हाडी जेवणाची सगळी बाजू माझ्याकडे आहे, पगार मावशीला आपणहून सांगते, आणि नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी त्यांना उभं ठेवून घाबरवते. आमच्यातला एकजण खरंच जहाजावर गेला. त्यानं मला फोन करून सांगितलं, किचनमधून समुद्र दिसत नाही.

अध्यक्षांनी कॉलेजच्या जिन्यात आमच्या फोटोंचा फलक लावला, ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’. त्यात जहाजवाला होता, मी होते. कारंज्याचा ढाबेवाला नव्हता. सरांनी त्याच्या ढाब्यावर जाऊन त्याचा फोटो काढून आणला, मागे ट्रक उभे असलेला, आणि सगळ्यात वर चिकटवला. अध्यक्षांनी तो काढला. सरांनी पुन्हा लावला. हे सर निवृत्त होईपर्यंत चालू होतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो पक्क्या गोंदानं लावला, तो अजून निघालेला नाही.

मागच्या थंडीत सर आमच्या हॉटेलात जेवायला आले. सोबत बाबा. दोघं एसटीनं आले, बाबा पासवर, सर तिकिटावर, आणि वाटभर सर बोलत होते हे बाबांच्या थकल्या चेहऱ्यावरून मला काचेतूनच कळलं. कोट तोच, कडक. मी दोघांसाठी गोळा भात लावला. आमच्याकडे आता रिवाज असा पडला आहे, की वेटर टेबलाशी जाऊन दोन चमच्यांनी गोळा कुस्करून देतो, फोडणी ओततो. लोकांना ते फार आवडतं. त्या दिवशी मात्र वेटरच्या हाती ताट देताना मी त्याची कड तीनदा पुसली. एवढ्या वर्षांत या माणसानं माझ्या हातचा एक घास खाल्ला नव्हता.

वेटर परत आला तो घाबरून. “मॅडम, ते कोटवाले आजोबा मला ताटाला हातच लावू देत नाहीत. खातही नाहीत. नुसते बसले आहेत.”

मी काचेतून पाहिलं. बाबांचं जेवण जोरात चाललं होतं, मान खाली. सर हात मांडीवर ठेवून आख्ख्या गोळ्यासमोर बसलेले. तोंडावर काही नाही. अळणी नाही, खारट नाही, काही म्हणजे काही नाही. ते गप्पही होते. मला पहिल्यांदाच एक तोंड वाचता येईना. मी तशीच बाहेर गेले.

“सर, काय चुकलं?”

“इचारून राह्यली?” सर म्हणाले. “पाह्य.”

मी पाहिलं. त्यांचे हात मांडीवरून उठत नव्हते. डोळे ताटाकडेही नव्हते, माझ्या हातमोज्यांकडे होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

“सर, ताट गिऱ्हाइकाचं असते. त्यात आपला हात जात नाई.”

“मी काय गिऱ्हाईक आहो काय?”

बाबांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि पुन्हा जेवायला लागले. मी आत गेले, हातमोजे काढले आणि बाहेर आले. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक पाहत होते. काचेमागे आमचे तेच डेहराडूनवाले शेफ उभे होते आणि त्यांनी हळूच पाठ फिरवली.

“हात धुतले का?” सरांनी विचारलं.

“धुतले, सर.”

“मंग थांबली काऊन?”

मी त्यांच्या ताटात गोळा कुस्करला, फोडणी ओतली, कालवलं आणि कडेला घास करून ठेवला. सरांनी तो घेतला, आणि ताट रिकामं होईपर्यंत वर पाहिलं नाही.